शेतीच्या करारांवर तुमचे मत कुठे आहे? कोल्हापूर जिल्ह्याच्या खासदार-आमदारांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातून संसदेत आणि विधिमंडळात गेलेले सर्व लोकप्रतिनिधी

सादर नमस्कार.

मी आजरा तालुक्यातली शेतकरी. दीड एकर भात, एक एकर ऊस, डोंगरउताराला नाचणी आणि गोठ्यात दोन म्हशी, एवढ्यावर आमचे घर चालते. भातातला निम्मा घनसाळ या आमच्याकडच्या जुन्या वाणाचा असतो. सातबाऱ्यावर माझे नाव आहे, सोसायटीचे पीककर्जही माझ्याच नावावर आहे, आणि गावातल्या बायकांचा जो गट जुन्या भातांचे बी राखतो त्यात मी आहे. तुमच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेण्याची रीत मला माहीत आहे. तरीही हे पत्र सगळ्यांनी वाचावे असे लिहिते, कारण यातला प्रश्न माझ्या एकटीच्या बांधाचा नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. १९६६ चा बियाणे कायदा जाऊन त्याच्या जागी हा यायचा आहे. हरकतींची मुदत ११ डिसेंबरपर्यंत होती. आमच्याकडे ते दिवस भाताच्या कापणी-मळणीचे आणि ऊसतोड सुरू होण्याचे. मसुदा आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला नाही, मराठीत आम्हाला कुणी दिला नाही, ग्रामसभेत त्याचे नाव निघाले नाही. मुदत टळून गेल्यावर गटातल्या एका मुलीने तो मोबाइलवर दाखवला. त्याच वर्षी २४ जुलैला ब्रिटनशी व्यापार करार झाला आणि त्याचा मजकूर सही झाल्यावर लोकांना वाचायला मिळाला. अमेरिकेशी बोलणी सुरू होती, त्यात मका, सोयाबीन आणि दुधासाठी आपली दारे उघडा अशी त्यांची मागणी असल्याचे आम्ही वर्तमानपत्रातच वाचत होतो.

यांतल्या एकाही करारावर तुमचे मत घेतले गेले नाही. लोकसभेत मतदान नाही, विधानसभेत चर्चा नाही. आणि आम्हा मतदारांचा हक्क डावलला गेला असे तुम्ही उभे राहून म्हटल्याचे माझ्या कानावर आले नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. बाकीच्या तिच्यातूनच निघतात.

आपल्या घटनेत शेती हा राज्याचा विषय आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत १४ वी नोंद शेतीची आहे. पण परदेशाशी केलेला करार अमलात आणायचा असेल तर अनुच्छेद २५३ प्रमाणे संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते, मग तो राज्याचा का असेना. करार करायचा की नाही हे मात्र सरकार ठरवते. त्यासाठी संसदेची आधी मंजुरी घ्यावी लागत नाही. १९९४ मध्ये मराकेशला जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सही झाली, १ जानेवारी १९९५ पासून तो लागू झाला, आणि तेव्हापासून शेतीला द्यायचा आधार, आयात शुल्काची कमाल मर्यादा, सरकारी धान्य खरेदी यांच्या चौकटी आपल्याला बाहेरून येतात. ज्या आमदाराकडे आम्ही शेतीचे गाऱ्हाणे घेऊन जातो त्याच्या हातात यातले फार थोडे उरले आहे. हे तुम्हाला माहीत असणारच. मतदाराला ते कुणी सांगत नाही.

उसाचे बघा. या जिल्ह्यात बोलणे तिथूनच सुरू होते.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध तक्रार नेली. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला, असे त्यांचे म्हणणे होते. १४ डिसेंबर २०२१ रोजी तिथल्या तंटा मंडळाचा अहवाल आला आणि तो आपल्याविरुद्ध गेला. त्यांनी आधार म्हणून मुख्यतः मोजली ती आपली एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, आणि काही राज्ये जाहीर करतात ते उसाचे दर. भारत सरकारने तिथे सांगितले की हा दर कारखाने देतात, सरकार ऊस विकत घेत नाही, सरकारी तिजोरीतून यात पैसा जात नाही. मंडळाला ते पटले नाही. दर सरकारने ठरवून दिला आहे, एवढे त्यांना पुरेसे वाटले.

मोजण्याची रीतही समजून घ्या, कारण तुमच्यापैकी कुणी ती जाहीर सभेत सांगितल्याचे मला आठवत नाही. शेतीच्या करारात १९८६ ते १९८८ या काळातला भाव कायमचा पाया म्हणून धरला आहे. आजच्या सरकारी दरातून तो जुना भाव वजा करायचा, जो फरक येईल त्याला तो दर लागू असलेल्या सगळ्या उत्पादनाने गुणायचे, आणि येईल तो आकडा म्हणजे त्या पिकाला दिलेला आधार. तो उत्पादनाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांवर गेला की नियम मोडला. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत डिझेल, युरिया, पोटॅश, तोडणी, वाहतूक कुठल्या कुठे गेली, ते या हिशेबात आपोआप धरले जात नाही. आणि त्याच करारात अमेरिकेला दर वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, युरोपीय संघाला ७२ अब्ज युरोपर्यंत असा आधार देण्याची वेगळी मुभा आहे. करार झाला तेव्हा ते भरपूर देत होते, म्हणून पुढेही देण्याचा त्यांचा हक्क राखला गेला. आपण तेव्हा कमी देत होतो, म्हणून १० टक्क्यांपलीकडे आपल्याला काही नाही.

भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडले आहे, कारण अमेरिकेने त्यावरच्या नेमणुका अडवल्या. त्यामुळे तो अहवाल लागू झाला नाही आणि रद्दही झाला नाही. उद्या एखाद्या देशाशी सौदा करताना कुणी त्या अहवालाचे बोट धरून उसाच्या दराला हात घातला तर आम्हाला कोण सांगणार?

ज्या हंगामांत आम्हाला प्रमाणाबाहेर आधार मिळाला असे जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेत ठरले, त्याच हंगामांत कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास १५ टक्के व्याज द्यावे असे लिहिलेले आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपीचे तुकडे पाडून देण्याची वाट काढली. ती मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंद केली. म्हणजे आम्ही कोर्टात जाऊन मिळवायचे ते आमच्याच कायद्यात आधीपासून लिहिलेले, आणि त्याच दराला बाहेरच्या मंडळाने जादा आधार म्हणायचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये दर जाहीर आहे. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे कित्येक हंगाम तिथेच थांबला. कारखान्याचे गणित तुटते ते इथे, आणि त्याची झळ आमच्या बिलाला बसते.

पुण्या-मुंबईचे लोक आम्हाला विचारतात, एवढा ऊस कशाला लावता, पाणी किती पितो तो. त्यांचा प्रश्न योग्य आहे. पण उत्तरही त्यांनी ऐकावे. आमच्या रानात जेवढी पिके येतात त्यांत कायद्याने बांधलेला दर फक्त उसाला आहे. भात, नाचणी, सोयाबीन, भुईमूग, हरभरा यांचा हमीभाव कागदावर जाहीर होतो. त्या भावाने घेतलेच पाहिजे अशी सक्ती व्यापाऱ्यावर नाही आणि सरकारवरही नाही. ज्या पिकामागे कायदा उभा राहिला ते पीक रानात पसरले. कायदा पीक बदलतो, हे या जिल्ह्याइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही. म्हणून हे कायदे कोण लिहितो आणि कुठे बसून लिहितो, याची मला काळजी आहे.

तेलाची गोष्ट यापेक्षा लहान आहे, पण ती मला जास्त लागली. २८ मे २०२५ रोजी केंद्राने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. सोयाबीनचा भाव क्विंटलला ४३६ रुपयांनी वाढून ५,३२८ झाला. शेतकरी बियाणे घेण्याच्या तयारीत होता. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. बाहेरचे तेल स्वस्त झाले की इथल्या सोयाबीनला कोण भाव देणार, हे गडहिंग्लजच्या बाजारात बसणारा कुठलाही अडत्या सांगेल. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. मग आयात खुली झाली आणि भुईमूग रानातून मागे हटला. गडहिंग्लज भागातल्या जुन्या माणसांना ते सगळे आठवते. सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांपेक्षा जास्त शुल्क लावायचे नाही, असे आपण जागतिक व्यापार संघटनेत लिहून दिलेले आहे. पामतेलाला ती मर्यादा ३०० टक्के आहे. एवढा फरक का मान्य केला, तेव्हा कोणत्या शेतकऱ्याला विचारले, याचे उत्तर मला कुठल्याही लोकप्रतिनिधीच्या भाषणात मिळालेले नाही. तेल महाग झाले की माझेही हात आखडतात, मीही डबा विकतच आणते. खाणाऱ्याला स्वस्त मिळावे, याला माझा विरोध नाही. पेरणीच्या तोंडावर दोन दिवसांच्या अंतराने एकमेकांना मोडून काढणारे दोन निर्णय घ्यायचे आणि मध्ये शेतकऱ्याला उभे करायचे, याला विरोध आहे.

आता बियाणे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आम्हाला मोठा हक्क दिला आहे. कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपल्या रानातले बी राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो, विकूही शकतो. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. जगात फार थोड्या देशांत असा कायदा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. तरीही २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीने गुजरातमधल्या बटाटा लावणाऱ्या शेतकऱ्यांवर दावे घातले, काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाई मागितली. देशभर ओरड झाली तेव्हा कंपनीने ते मागे घेतले. हक्क कायद्यात असूनही लहान शेतकऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते, तर उद्या तो हक्क पातळ झाल्यावर काय होईल?

नव्या मसुद्यातही शेतकऱ्याचा हक्क राखल्याचे म्हटले आहे आणि ब्रँडची अट तशीच आहे. आमच्या गटाचा प्रश्न साधा आहे. आम्ही घनसाळ, काळा जिरगा, जोंधळा जिरगा यांचे बी निवडून, वाळवून, राखेत ठेवून जपतो आणि पुढच्या धूळवाफ पेरणीला शेजारच्या गावांना देतो. पिशवीवर गावाचे आणि गटाचे नाव लिहितो, म्हणजे बी कुणाचे ते कळावे आणि उगवले नाही तर विचारता यावे. ते नाव ब्रँड ठरणार का? ठरले तर नोंदणी, चाचणी, परवाना आणि दंड हे सगळे आमच्या दहा-पंधरा बायकांवर येणार का? दंड मोठ्या कंपनीला बोगस बियाण्यापासून रोखण्यासाठी हवा, याबद्दल दुमत नाही. न उगवलेल्या सोयाबीनची दुबार पेरणी आम्हीही केली आहे. पण कंपनी आणि गावचा गट यांच्यातली रेघ कायद्यातच स्पष्ट हवी, अधिकाऱ्याच्या मनावर सोडता येणार नाही. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सत्काराच्या सभा झाल्या. त्या भाताचे बी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखले त्यांचा हक्क टिकवण्यासाठीही तशीच एक सभा घ्यायला हवी होती.

रेशनबद्दल थोडे सांगते. २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा हा चांगला कायदा आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत त्या धान्याने किती चुली पेटल्या ते मी पाहिले आहे. माणशी महिन्याला ५ किलो धान्य हा हक्क झाला, ही मोठी गोष्ट. पण ते धान्य कोणते, कुठून घेतलेले, कुणी पिकवलेले, हे ठरवण्यात आमचा हात नाही. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीच्या डोंगरात नाचणी पिकते आणि तिथल्याच रेशन दुकानात परराज्यातला गहू-तांदूळ येतो. शेजारचे कर्नाटक सरकार वर्षानुवर्षे हमीभावाने नाचणी घेते आणि रेशनवर देते. आपल्या चंदगड, गडहिंग्लजहून ती हद्द किती लांब आहे? त्याच कायद्याचे कलम ३२ राज्याला केंद्रापेक्षा चांगली योजना आखण्याची मोकळीक देते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, पोस्टर लागली, शाळांत नाचणीच्या लाडवांच्या स्पर्धा झाल्या. खरेदी केंद्र मात्र आमच्या भागात मी पाहिले नाही. शिवाय डिसेंबर २०१३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बालीच्या बैठकीत मर्यादा ओलांडली तरी तक्रार नेायची नाही असे मिळालेले संरक्षण त्या तारखेला चालू असलेल्या सरकारी साठ्याच्या योजनांपुरतेच आहे. नवी मोठी खरेदी सुरू केली तर तिच्यावर १० टक्क्यांची मर्यादा येते. कायमचा तोडगा काढू असे तेव्हा सांगितले होते, २०२४ च्या अबुधाबीच्या बैठकीतही तो निघाला नाही. आमच्या डोंगरातल्या नाचणीचा आणि अबुधाबीचा संबंध आहे तो असा.

याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शेतीचे पुनरुज्जीवन, लहान शेतकऱ्याला किफायतशीर भाव आणि अन्न पिकवणारी जमीन व पाणी विनाकारण दुसरीकडे वळवण्याला मनाई ही उद्दिष्टे दिली आहेत. ती साध्य करण्याचा सरकारांनी प्रयत्न करावा, असे कलम ३१ म्हणते. केला नाही तर काय, याबद्दल काही नाही. शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत शिरोळपासून आजऱ्यापर्यंतची रानं आली, तेव्हा शेतकरी कोल्हापुरात मोर्चे घेऊन आले. बागायत जमीन जाण्याने किती धान्य, किती ऊस, किती वैरण कमी होईल, किती कुटुंबे विकतच्या धान्यावर जातील, याचा अहवाल कुणी मागितला का? अनुसूचीतल्या त्या ओळीला जोर असता तर तो मागावाच लागला असता.

तुम्ही म्हणाल, जागतिक करारांपुढे एकटे राज्य, एकटा खासदार काय करणार. इतर देशांनी काय केले ते सांगते.

नेपाळने २०१५ च्या आपल्या घटनेत अनुच्छेद ३६ मध्ये अन्नाच्या हक्काबरोबर अन्न-सार्वभौमत्वाचाही, म्हणजे आपली अन्नाची व्यवस्था स्वतः ठरवण्याचा, हक्क लिहिला आणि २०१८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. नेपाळ जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य आहेच. इक्वेडोरने २००८ मध्ये, बोलिव्हियाने २००९ मध्ये आपल्या घटनेत हे तत्त्व घेतले. नुसते लिहून सगळे सुटते असे मी म्हणत नाही. नेपाळ आजही आपल्याकडून तांदूळ घेतो. पण तिथल्या शेतकऱ्याला कोर्टात उभे राहायला एक आधार मिळाला. आमच्याकडे तोही नाही.

स्वित्झर्लंडने इंडोनेशियाशी करार केला तेव्हा पामतेलाच्या प्रश्नावरून तो लोकांपुढे मतदानाला गेला. मार्च २०२१ मध्ये सार्वमत झाले आणि करार थोडक्या मतांनी वाचला. युरोपीय संघात २७ देशांचे शेतीचे धोरण एकत्र ठरते. त्यावर तिथली संसद मत देते, आणि व्यापार करारालाही तिची संमती लागते. २०२४ च्या सुरुवातीला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्सला गेले, आणि कीटकनाशके निम्म्यावर आणण्याच्या कायद्याचा प्रस्ताव तिथल्या आयोगाला मागे घ्यावा लागला. ती मागणी बरोबर होती की चूक, हा वेगळा वाद. जाब विचारायला त्यांना एक दार आहे. आम्ही ट्रॅक्टर घेऊन दसरा चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो, आणि तिथले साहेब निवेदन घेऊन सांगतात की हा केंद्राचा विषय आहे. केंद्र सांगते की हे कराराचे बंधन आहे.

१७ डिसेंबर २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या १५ व्या अनुच्छेदात आपली अन्नाची आणि शेतीची व्यवस्था स्वतः ठरवण्याचा हक्क आहे, १९ व्यात बियाण्याचा. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. जगापुढे हात वर करून मान्य केलेली गोष्ट आपल्या संसदेत कायदा म्हणून का येत नाही, हे विचारण्याचा अधिकार मला आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत आरसेपच्या, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या देशांच्या मोठ्या व्यापार कराराच्या, बाहेर राहिला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या दुधाची भीती त्यामागे होती आणि देशभरच्या दूध उत्पादकांनी आवाज उठवला होता. या जिल्ह्यात दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलावर किती घरांचा बाजार होतो हे तुम्हाला सांगायला नको. ब्रिटनच्या करारातही दुग्धपदार्थ वगळले, ते चांगले झाले. सरकार ठाम राहू शकते याचे हे दाखले आहेत. पण पुढच्या वेळी सरकार ठाम राहील की नाही, हे त्या वेळच्या मंत्र्यांच्या मनावर असू नये, कायद्यात असावे.

शाहू महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने काढली, शेतीच्या पाण्यासाठी राधानगरीचे धरण हाती घेतले. प्रजेच्या अन्नाची जबाबदारी आपली आहे असे मानणारा राजा या गादीवर होऊन गेला. तुम्ही प्रत्येक भाषणाची सुरुवात त्यांच्या नावाने करता, म्हणून तुमच्याकडे पुढच्या मागण्या करते.

खासदारांनी संसदेत असे विधेयक आणावे, खासगी सदस्याचे असले तरी चालेल, की शेती, दूध, बियाणे आणि धान्यसाठा यांना हात लावणारा कोणताही आंतरराष्ट्रीय करार सहीच्या आधी संसदेपुढे आणि राज्यांच्या विधिमंडळांपुढे ठेवला जाईल, त्याचा मजकूर राज्याच्या भाषेत प्रसिद्ध होईल आणि त्यावर मतदान होईल. आमदारांनी याच अर्थाचा ठराव महाराष्ट्र विधानसभेत मांडावा. शेती राज्याचा विषय आहे तर राज्याचे मत नोंदले गेले पाहिजे.

उसाच्या तंट्यात भारताची पुढची भूमिका काय, हे संसदेत प्रश्न विचारून लेखी घ्यावे. एफआरपी कोणत्याही देशाशी होणाऱ्या सौद्यात येणार नाही अशी हमी मागावी. १४ दिवसांत एकरकमी बिल आणि उशिराला व्याज, हा आमचाच कायदा जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यात पाळला जातो की नाही, याची यादी दर हंगामाला जाहीर करावी. तुमच्यापैकी काही जण स्वतः कारखाने चालवता, तेव्हा ही यादी मिळवायला तुम्हाला अवघड जाऊ नये.

बियाणे विधेयकात शेतकऱ्यांचे गट, महिला गट, बियाणे बँका यांना गावाच्या आणि गटाच्या नावासह बी देण्या-घेण्याचा व विकण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा. विधेयक सभागृहात जाण्यापूर्वी त्याची मराठी प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत यावी आणि हरकतींसाठी सुगीच्या बाहेरचे दोन महिने मिळावेत.

खरिपाचे हमीभाव जाहीर झाल्यापासून तो माल बाजारात येऊन जाईपर्यंत त्या पिकाच्या आणि त्याच्या तेलाच्या आयात शुल्कात कपात करायची असेल, तर तिची कारणे आणि शेतकऱ्याला होणाऱ्या तोट्याची भरपाई त्याच आदेशात लिहिणे बंधनकारक करावे.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांत येत्या सुगीपासून हमीभावाने नाचणी खरेदी सुरू करून ती तिथल्याच रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि शाळेच्या पोषण आहारात द्यावी. यासाठी दिल्लीला विचारत बसण्याची गरज नाही, राज्याने ठरवले तर होते.

आणि अन्न सुरक्षा कायद्यात दुरुस्ती मागावी. तिसऱ्या अनुसूचीतली उद्दिष्टे बंधनकारक करावीत. बागायत आणि अन्नधान्याची जमीन घेण्याआधी अन्नावर होणाऱ्या परिणामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवण्याची सक्ती असावी. काय पिकवायचे, कोणते बी पेरायचे आणि आपल्या भागातल्या रेशनवर काय यावे, हे ठरवण्यात शेतकऱ्याला आणि खाणाऱ्याला कायदेशीर वाटा मिळावा.

या पत्राचे उत्तर मला लेखी आणि मराठीत हवे आहे. प्रत्येक मागणीपुढे हो, नाही, किंवा अमुक कारणाने जमत नाही एवढे लिहिले तरी पुरे. वेळ काढून गावात आलात तर जास्त बरे. घनसाळचा भात आणि नाचणीची भाकरी आमच्याकडे असतेच. १ मेच्या ग्रामसभेत हे पत्र वाचले जाणार आहे. तोपर्यंत ज्यांची उत्तरे येतील ती त्यांच्या नावासह पत्राबरोबर वाचू. ज्यांची येणार नाहीत त्यांची नावे इतिवृत्तात नोंदवू.

आपली,
एक शेतकरी
तालुका आजरा, जिल्हा कोल्हापूर